डावा स्पीकर भिंतीला लागणार नाही

उद्या तुमचा बारावा. परवा देवळाच्या समितीचा टेम्पो येणार आहे. तुमचे दोन स्पीकर, तुम्ही स्वतः जोडलेला पॉवर अ‍ॅम्प्लिफायर आणि तो ट्यूबवाला लहान डबा, सगळं उचलून देवळाच्या कोठीत न्यायचं असं ठरलंय. ठरवलंय कुणी, तर भावोजींनी. मला विचारून नाही. तो टेम्पो आलाच तर रिकामा परत जाईल, हे तुम्हाला आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं ऐकताना तुमच्या जिवाला घोर नको. तुमचा जीव तसाही लहानसहान गोष्टींत अडकायचा.

भावोजींचं तुम्हाला काय सांगायचं, तुमचेच थोरले भाऊ. पस्तीस वर्षं शेजारच्या घरात राहताहेत आणि पस्तीस वर्षांत माझ्याशी एकदाही समोरासमोर बोललेले नाहीत. धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलायचं नाही, ही त्यांची रीत. काही सांगायचं तर मधे कुणीतरी माणूस लागतं. ते नसलं तर आमच्या अंगणातल्या पेरूच्या झाडालाही सांगतात, मी ऐकतेय हे बघून. तुम्ही गेलात आणि मधलं माणूसच गेलं. म्हणून तिसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या मीनलला पकडलं. पोर पुण्याहून धावत आलेली, डोळे सुजलेले, ती काय बोलणार?

"तुझ्या आवयक सांग," ते म्हणाले, मी चार हातांवर उभी असताना, "वर्सभर ह्या घरात कायच वाजूचां नाय. आणि ह्यो पसारो देवळाक दिवया. उत्सवाक उपयोग जातलो. ती एकटी घेवन काय करतली?"

मीनलनं मान हलवली. त्या दिवसांत मला कुणी दगड खायला दिला असता तरी मी खाल्ला असता. मग येणाऱ्या माणसांसाठी चटया घालायच्या म्हणून भावोजींनी दोन्ही स्पीकर उचलून मागे भिंतीला टेकवले, सगळ्या तारा उपटल्या, नीट गुंडाळून पिशवीत घातल्या आणि पिशवी खुंटीला अडकवली. काम व्यवस्थित केलं, नाही असं नाही. पण डावा स्पीकर हलवताना त्यांनी काय हलवलं ते त्यांना ठाऊक नव्हतं. तुम्हाला तरी ठाऊक होतं का, हे मला आज छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. तेच आपलं बोलायचं राहिलं. म्हणून आज लिहायला बसलेय.

पण आधी जुनं भांडण. ते अर्धं टाकून गेलात, म्हणून ते तुमच्या बाजूनं सुटलं असं समजू नका.

तुम्ही निवृत्त झाल्यावरची पहिली दोन वर्षं मला आवडली नाहीत. मुळगावच्या खाणीच्या वर्कशॉपमध्ये तुम्ही आयुष्य काढलंत, तेव्हा घरी आलात की निदान दिसायचात तरी. बोलायचात, चिडायचात, कॅसेटींवरची तांबडी धूळ पुसत बसायचात. इथं पेडण्याला कायमचे घरी आल्यावर तुम्ही कानाला हेडफोन लावलात आणि माझ्यासमोर बसून नाहीसे झालात. तुमचा जुना संच मुका झाला होता. पॉवर अ‍ॅम्प्लिफायर धडधाकट होता, पण त्याच्या आधी लागणारा प्रीअ‍ॅम्प पावसाळी ओलीनं खलास झाला होता, आवाजाची खुंटी फिरवली की नुसती खरखर. दोन्ही स्पीकरांवर मी जुनी चादर घातली होती आणि चादरीवर फुलदाणी. मीनलनं पहिल्या पगारातून तुम्हाला हेडफोनसाठी तो ट्यूबचा अ‍ॅम्प्लिफायर पाठवला. स्वस्तातलाच होता, तीच म्हणाली होती, "बाबा, जास्त अपेक्षा ठेवू नका." तुम्ही ठेवली नाहीत, पण सकाळी लावलेला हेडफोन दुपारी जेवायलाच उतरवायचात. पोदेर पावांची टोपली घेऊन सायकलवरून भोंगा वाजवत यायचा, दारात थांबायचा, निघून जायचा, आणि तुम्ही दारापासून दोन हातांवर बसून मला विचारायचात, आज पाव कसे आले नाहीत म्हणून.

मी शाळामास्तरीण. मला छापील कागद दिसला की वाचल्याशिवाय राहवत नाही. त्या डब्याबरोबर आलेली पुस्तिका तुम्ही खोक्यातच ठेवली होती. ती मी वाचली. मग डबा उलटा करून बघितला. मागच्या बाजूला दोन भोकं होती, आणि त्यांच्यावर लिहिलं होतं प्री आउट. म्हणजे ह्या डब्यातून आवाज फक्त कानात जातो असं नाही. मागून तार काढून पॉवर अ‍ॅम्प्लिफायरला जोडली, तर हाच डबा प्रीअ‍ॅम्पचं काम करतो. तुमचा मुका संच बोलायला लागेल. घर बोलायला लागेल. मला तेवढंच हवं होतं, खोटं कशाला बोलू?

"हो हेडफोनाचो," तुम्ही म्हणालात. "हो कानाक वाजता. घराक नाय."

"पुस्तकात लिवलेला आसा."

"लिवपी कायय लिवता."

दोन महिने हेच चाललं. मी वाचून दाखवायची, तुम्ही हसायचात. इतका लहान डबा, त्यात बोटाएवढ्या दोन ट्यूब, आणि त्यानं तुमचे एवढे मोठे स्पीकर हलवायचे, हे तुमच्या मेकॅनिकच्या डोक्यात बसेना. मी शंभरदा सांगितलं की स्पीकर हलवायला तुमचा पॉवर अ‍ॅम्प्लिफायर आहे, ह्यानं फक्त त्याच्या हातात आवाज नीट नेऊन द्यायचा आहे. तुम्ही म्हणायचात, शाळेत मुलांना शिकव.

मग तुम्ही म्हापशाला गेलात, सोल्डरची तार आणायला. बसनं जाऊन येईपर्यंत तीन तास. मी चादर काढली, फुलदाणी उचलली, पुस्तिकेतलं चित्र समोर ठेवून तारा जोडल्या. पॉवर चालू केली. मग डबा चालू केला. आणि असा धप्प आवाज झाला की भिंतीवरची पाल खाली पडली आणि आपलं मांजर जे गेलं ते दोन दिवसांनी परतलं. पाठोपाठ तुमच्या आवडत्या पदाचा पहिला आलाप खोलीभर उमटला, पण त्या धप्पच्या धास्तीनं मी सगळं बंद केलं आणि खुर्चीत बसून राहिले. तुमच्याच खुर्चीत, कदेलीत.

तुम्ही आलात. माझं तोंड बघून तुम्हाला कळलं. तुम्ही ओरडला नाहीत, हे मी विसरलेले नाही. आधी दोन्ही स्पीकरांच्या पडद्यांवर बोटांनी हलकं दाबून बघितलंत, पोराला ताप आहे का बघावं तसं. मग माझ्याकडे न बघता म्हणालात, "पयलो वाल्व. तो तापाक दी. मगे पॉवर. बंद करताना उरफाटां." आयुष्यभर ट्यूबला तुम्ही वाल्वच म्हणालात. त्या दिवशी आपण दोघांनी मिळून पुन्हा लावलं. आधी डबा. दोन मिनिटं थांबलो. मग पॉवर. धप्प झालं नाही. गावच्या उत्सवातल्या नाटकाचं ते जुनं रेकॉर्डिंग तुम्ही लावलंत, आपल्या गवंड्याचं. चिरे रचणारा माणूस, वर्षातून एकदा मुकुट घालून राजा होणारा. त्याचा आवाज आपल्या घरात उभा राहिला. मागे कुणीतरी खोकतंय, कुणी मुलाला हाक मारतंय, तेसुद्धा ऐकू आलं. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही वर बघितलंत, आणि म्हणालात, "गुणगुण येता."

एवढंच. वाजतोय, घर भरलंय, ही बया म्हणत होती ते खरं निघालं, यातलं एक अक्षर नाही. गुणगुण येता.

त्या गुणगुणीवरून मग वर्षभर. तुमचं म्हणणं, दोष अर्थिंगचा. आपली जमीन तांबड्या चिऱ्याची, चैत्र आला की आतून खडखडीत कोरडी होते, परसातल्या अर्थिंगच्या खड्ड्याला ओल राहत नाही, म्हणून संच गुणगुणतो. उपाय काय, तर खड्ड्यात रोज एक बादली पाणी. नळ एक दिवसाआड, मी भांडी मोजक्या पाण्यात घासतेय, आणि तुम्ही बादली घेऊन जमिनीला पाणी पाजायला निघालेले. मी तुम्हाला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही, मीनल वाचेल. पण गुणगुण कमी झाली. मला स्वच्छ ऐकू आलं. तुम्ही विचारलंत तेव्हा मी म्हणाले, मला काही फरक वाटत नाही. आज कबूल करते. अर्थिंगच्या भांडणात तुमचं बरोबर होतं. प्रीअ‍ॅम्पच्या भांडणात माझं. मी माझा अर्धा भाग फेडला, तुम्ही तुमचा न फेडता गेलात. शेवटपर्यंत तुम्ही त्याला प्रीअ‍ॅम्प म्हणाला नाहीत. "तुझो डबो" म्हणायचात.

माझ्या डब्याला तुम्ही हात मात्र भरपूर लावलेत. त्या ट्यूबांच्या खाली कंपनीनं केशरी दिवे बसवले होते, ट्यूब पेटलीय असं दिसावं म्हणून. ते कळल्यावर तुम्ही चिडलात, इतके की चहा घेतला नाहीत. डबा उघडून दोन्ही दिवे काढून टाकलेत. "खोटो उजेड कित्याक?" त्यानंतर खरी ट्यूब पेटली की खिडकी, आपलं जनेल, लोटून घेतल्याशिवाय दिसतसुद्धा नसे, एवढासा तांबूस ठिपका. खुंटी जरा फिरवली की आवाज एकदम अंगावर यायचा, म्हणून तुम्ही पॉवरच्या तोंडाशी दोन रेझिस्टर जोडलेत, मग खुंटी अर्ध्यापर्यंत फिरवता यायला लागली. डब्याचं नाव माझं, पण तो वाजायला लागला तुमच्या हातानं, हे मी नाकारत नाही.

पुढच्या भोकात हेडफोनची पिन खुपसली की मागून येणारा आवाज आपोआप बंद, ही त्या डब्याची रचना. तिचा वापर तुम्ही पुरेपूर केलात. भांडण झालं की टक्क करून पिन आत, घर गप्प, आणि तुम्ही कानात. काही वेळा मला ती पिन विहिरीत टाकावीशी वाटली. पण दुसरंही आठवतं. बायकांच्या भजनाची तालीम आटोपून मी घरी यायची, तेव्हा पायरी चढण्याआधीच कळायचं की डबा चालू आहे, ट्यूब तापल्यात, फक्त पॉवरचं बटण दाबायचं बाकी. पंधरा मिनिटं आधी तुम्ही तो लावून ठेवायचात. कधी बोलला नाहीत की तुझ्यासाठी लावलाय. मी विचारलं तर म्हणाला असतात, वाल्वाला तापावं लागतं. तुमच्यासारखा नवरा मिळाला म्हणून मी देवाला हात जोडले नाहीत कधी, पण त्या पायरीवर दर वेळी माझा थकवा निम्मा व्हायचा. हे सांगायला हवं होतं.

आता डाव्या बाजूचं.

दोन वर्षांपूर्वी तुम्ही पहिल्यांदा म्हणालात, "डाव्यान कमी येता." मग तुमची तपासणी सुरू झाली, तुमच्या पद्धतीनं, वर्कशॉपमधल्यासारखी. एक वस्तू बदलायची, ऐकायचं, मग दुसरी. डावी ट्यूब उजवीकडे, उजवी डावीकडे. दोष ट्यूबमध्ये असता तर तो उजवीकडे सरकला असता. सरकला नाही. मग तारा उलट केल्यात. मग स्पीकर. डावा उजवीकडे, उजवा डावीकडे, तुम्ही आणि मी मिळून ते धूड उचललं, माझी कंबर आठवडाभर धरली होती. कमी यायचं ते डावीकडूनच. तुम्ही म्हणालात, खुंटीत दोष असेल. मग म्हणालात, खोलीचा दोष, डाव्या बाजूला जनेल आहे म्हणून. मी जनेलाला जाड पडदा लावला.

मी त्याच दिवशी ओळखलं होतं. सगळं बदलून झालं होतं, बदललं नव्हतं ते एकच. बावीस वर्षं तुम्ही वर्कशॉपमध्ये कॉम्प्रेसरच्या बाजूला डावा कान करून उभे राहिलात. कानात घालायला म्हणून तुम्हाला घरूनच कापसाचा बोळा न्यावा लागायचा आणि तो तुम्ही अर्ध्या वेळा विसरायचात. दोष संचात नव्हता. आणि एक दिवस मी स्वयंपाकघरातून बघितलं, तुम्ही हेडफोन उलटा घालून बसला होता, उजवा डाव्या कानाला. डोळे मिटून. बराच वेळ. मग हेडफोन काढून मांडीवर ठेवलात आणि वर बघितलंत, आणि मी दारात होते. तुम्ही मला बघितलंत. मी म्हणाले, चहा टाकू? तुम्ही म्हणालात, टाक.

तिथंच सगळं सांगून टाकायला हवं होतं, असं मीनल म्हणते. काल तिला सांगितलं तर ती रडली, म्हणाली, आई, कानाची मशीन मिळाली असती, तू का बोलली नाहीस? मिळाली असती. पण मी तुम्हाला ओळखत होते. दुसऱ्याच्या यंत्रातला दोष शोधणारा माणूस तुम्ही, स्वतःच्या कानातला दोष कुणी दाखवला असता तर तुम्ही म्हणाला असतात, मग आता ऐकून काय करायचं, आणि चादर परत स्पीकरांवर. मला ते नको होतं. मी माझ्या मतलबासाठी गप्प बसले, असंही म्हणा. म्हणा, मी ऐकून घेते. पण चूक केली असं मी म्हणणार नाही.

मी दुसरं केलं. तुम्ही सकाळी बाजारात गेलात की डावा स्पीकर दोन बोटं पुढे ओढायचा, कदेलीच्या दिशेनं. आठ-दहा दिवसांनी आणखी दोन बोटं. तुम्ही येऊन बसायचात, गवंड्याचं पद लावायचात, आणि मी भाजी निवडत तुमच्या डाव्या डोळ्याकडे बघायची. ऐकू येत नसलं की तो बारीक व्हायचा. ज्या दिवशी तो बारीक झाला नाही त्या दिवशी मी थांबले. तुम्ही खुंटीवर हात ठेवून म्हणालात, "आता बरोबर जाला बघ. वाल्व सेट जालो." मी म्हणाले, "मगे? सांगल्लय मीया, वेळ लागता." असं मी कधी सांगितलं नव्हतं.

कान आणखी गेला की डोळा परत बारीक व्हायचा आणि मी परत ओढायची. शेवटी डावा स्पीकर उजव्याच्या हातभर पुढे आला होता, खोलीत चालताना अडखळायला व्हायचं, येणारं माणूस विचारायचं हा असा का? तुम्ही सांगायचात, खोलीचा दोष आहे. एकदाच, मागच्या श्रावणात, तुम्ही मधेच पद थांबवून म्हणालात, "तू हालयतस?"

"काय?"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मग म्हणालात, "काय नाय," आणि पद पुन्हा सुरुवातीपासून लावलंत.

आता सांगा. माहीत होतं ना? माहीत असेल तर दोन वर्षं तुम्ही मला ते धूड एकटीला ओढू दिलंत, आणि माहीत नसेल तर मी तुम्हाला दोन वर्षं फसवलं. यातलं काहीतरी एक खरं आहे आणि मला दोन्ही चालतं. पण सांगायला हवं होतंत. असं न सांगता मरायचं नसतं.

आणि त्या जागेला भावोजींनी हात घातला. तुमच्यासाठी बोट बोट करून शोधलेली ती एक जागा, तिथून उचलून त्यांनी डावा स्पीकर भिंतीला लावला, सरळ, उजव्याच्या रांगेत, शिस्तीत. मला तुमच्या जाण्यापेक्षा त्या क्षणी त्याचा राग आला. आठ दिवस मी येणाऱ्या प्रत्येक बाईच्या खांद्याआडून त्या स्पीकरकडे बघत होते. वर्षभर काही वाजायचं नाही म्हणे. तुमच्यासाठी दुखवटा पाळायचा तो तुम्हाला जे नको होतं तेच करून? घर गप्प ठेवायचं आणि त्याला मान म्हणायचं? मला हा मान कळत नाही, आणि या वयात शिकायचाही नाही.

आज दुपारी जेवणं झाली. भावोजी पलीकडे आडवे झाले होते. मीनल उद्याच्या स्वयंपाकाचं सामान काढत होती. मी खुंटीवरची पिशवी उतरवली. मीनलनं बघितलं, हातातली परात खाली ठेवली, पण अडवलं नाही. आधी मी परसात गेले आणि अर्थिंगच्या खड्ड्यात बादली ओतली. मग तारा जोडल्या, यावेळी पुस्तिकेशिवाय. उजवा स्पीकर सोपा होता, त्याच्या पायांचे फिकट चौकोन सिमेंटच्या लाल जमिनीवर उमटलेले होते. डाव्याचा चौकोन कुठेच नव्हता. तो कधी एका जागी राहिलाच नाही. समितीच्या माणसाला मी तेव्हाच फोन केला, टेम्पो पाठवू नका, वस्तू घरातच राहणार. तो म्हणाला, भावोजींनी सांगितलंय. मी म्हणाले, त्यांच्या घरातलं काही न्यायचं असेल तर त्यांच्या दारात टेम्पो लावा.

मग ट्यूब. थांबले. पॉवर. गवंड्याचं पद.

आवाज आला, पण सगळा उजवीकडे सांडलेला आणि डावीकडून भिंतीतून घुमणारा. मी डावा पुढे ओढला, अंदाजानं. कदेलीत बसून ऐकलं. परत ओढला. पण कसं कळणार? माझे दोन्ही कान शाबूत. मला तो जिथं ठेवीन तिथं बरा किंवा वाईट लागणार, तुमच्यासारखा नाही. इतके दिवस मी माझ्या कानानं कुठे जागा शोधली होती? तुमच्या डोळ्याकडे बघून शोधली होती. कदेल रिकामी होती, आणि मी त्या रिकाम्या कदेलीकडे बघत स्पीकरला धरून उभी होते, आणि मला रडू आलं, तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं. मीनल पुढे आली. मी तिला हातानं थांबवलं.

कोपऱ्यात तुमच्यासाठी लावलेली समई आहे. तिच्याजवळ वाती वळायला कापूस ठेवलेला होता. मी त्यातला मूठभर घेतला, घट्ट पिळला आणि माझ्या डाव्या कानात खोल बसवला. त्यावर आणखी एक बोळा. आणि कदेलीत जाऊन बसले.

अर्धं घर नाहीसं झालं. समई, मीनल, जनेल, त्या बाजूचं सगळं जागेवर होतं, फक्त बोलेनासं झालं. गवंडी उजव्या भिंतीला चिकटून गात होता. तुम्ही इथं बसत होता. दोन वर्षं, रोज, आणि कधी तक्रार केली तर वाल्वची. मला फार वाईट वाटलं आणि तुमचा फार अभिमान वाटला, आणि दोन्ही एकदम वाटणं म्हणजे काय ते मला आजवर माहीत नव्हतं. मी नाक पुसलं आणि उठले. दोन बोटं ओढला, बसले. उठले. दोन बोटं.

दारात भावोजी येऊन उभे राहिलेले मी बघितलं नाही. डाव्या बाजूला दार. त्यांच्या मागे शेजारच्या दोघी बायका होत्या, हे मीनलनं नंतर सांगितलं. ते किती वेळ बोलत होते कोण जाणे. मीनलनं येऊन माझ्या खांद्याला हात लावला, तेव्हा मी मान वळवली. तिनं उजव्या कानाशी तोंड आणून सांगितलं.

"आई, काका म्हणताहेत, बंद कर."

मी भावोजींकडे बघितलं. पस्तीस वर्षांत आम्ही एकमेकांकडे इतकं सरळ बघितलं नसेल. त्यांचे डोळे लाल होते. झोपेतून उठून आले होते की कसे, मला ठरवता आलं नाही.

"तेंका सांग," मी मीनलला म्हणाले, त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, "ह्या कानान माका आयकाक येना. हय उजवेकडे येवन माका स्वता सांगा म्हणान."

उजवीकडे यायचं तर दोन स्पीकरांच्या मधून, माझ्यासमोरून यावं लागतं. आणि मग माझ्या तोंडावर, माझ्याशी, बोलावं लागतं. मीनलला निरोप पोचवायची गरज नव्हती, त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी एक पाय उंबऱ्याच्या आत टाकला. तो तिथंच राहिला. गवंड्यानं पदाचा दुसरा चरण उचलला, मागे कुणीतरी खोकलं, तो खोकला भावोजींनी ओळखला असावा, कारण त्यांनी एकदम स्पीकरकडे बघितलं.

मी उठले. डावा स्पीकर आणखी बोटभर ओढला, कदेलीच्या इतका जवळ की आता चालायला वाटच उरली नाही. परत येऊन बसले. आवाज मधोमध आला.

कापूस मी काढलेला नाही.